सीट क्रमांक ७ वरून, निर्बंध आणि मदत ठरवणाऱ्यांस

सांगली
रविवार, ८ ऑगस्ट २०२१

निर्बंधांचे आदेश काढणाऱ्या आणि मदतीचे निकष ठरवणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सविनय नमस्कार विनंती विशेष.

कोरोनाच्या निर्बंधांबद्दलच्या २ ऑगस्टच्या आदेशाने राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत दुकाने रात्री आठपर्यंत उघडली आणि कार्यालयांना पूर्ण क्षमतेने काम करायची मुभा मिळाली. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे यांच्यासह ११ जिल्हे मात्र निर्बंधांच्या तिसऱ्या, कडक स्तरावरच राहिले. आमच्याकडे अजून खाजगी कार्यालयाला दुपारी चारला कुलूप, उपस्थिती निम्मी आणि पाचनंतर संचारबंदी. रुग्ण हवे तसे कमी होत नाहीत हे आम्हालाही दिसते. निर्बंध नकोत असे म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. एप्रिलच्या शेवटी मामांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत मी दोन रात्री मिरजेत फिरले आहे. तिसऱ्या दिवशी बेड मिळाला. मामा घरी परत आले नाहीत. निर्बंध कशासाठी असतात हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण गेल्या सतरा महिन्यांत निघालेल्या एकाही आदेशात आणि मदतीच्या एकाही यादीत मला माझे नाव कुठे लिहायचे ते सापडलेले नाही. माझ्यासोबत बसणाऱ्या दहा जणांनाही सापडलेले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी सांगलीच्या गावभागात राहते. पाकिटांची आणि लेबलांची डिझाइन करणे हा माझा व्यवसाय. हळद-मसाल्याची पाकिटे, बेदाण्याचे बॉक्स, लोणच्याच्या बरण्यांवरची लेबले, लग्नसराईत पत्रिका. हे सगळे मी घरातूनच करत होते, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा त्या खोलीत माझा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि आठ वर्षांच्या फाइली असलेली हार्ड डिस्क बुडाली. काही गिऱ्हाइकांचे पहिले लेबल मीच केलेले होते, त्याची मूळ प्रत पुन्हा कुठेच मिळाली नाही. पाणी ओसरल्यावर आठवडाभर गाळ काढला आणि त्याच आठवड्यात ठरवले, की यापुढे घरात काम मांडायचे नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर शंभरफुटी रस्त्यावरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, शेअर्ड ऑफिसात एक सीट घेतली. सीट क्रमांक ७. महिना ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,१३०. वरचे ६३० रुपये मला कुठे वळते करून घेता येत नाहीत, कारण उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे माझी जीएसटी नोंदणी नाही. त्याबद्दल तक्रार नाही, पण हा हिशेब पुढे लागेल म्हणून सांगितला.

हॉलमध्ये चौदा सीट आहेत. आज अकरा भरलेल्या आहेत. कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपना कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढून देणारे नवरा-बायको आहेत. व्यापाऱ्यांचे हिशेब आणि रिटर्न भरणारे एक जण आहेत. विम्याचे काम करणारे काका आहेत. ऑनलाइन शिकवणी घेणारी एक मुलगी आहे, तिच्या खेड्यात नेटच टिकत नाही. पुण्याची नोकरी गेल्यावर गावी परतून स्वतःचे काम सुरू केलेली दोन मुले आहेत. कुणी कुणाचा नोकर नाही, कुणी कुणाचा मालक नाही. प्रत्येकाचे काम वेगळे, गिऱ्हाईक वेगळे, बँक खाते वेगळे. एक आहे ते फक्त छप्पर, वायफाय, चहाची किटली आणि दाराचे कुलूप.

नेमकी हीच गोष्ट आपल्या आदेशांच्या भाषेत कुठे बसत नाही.

जून २०२० च्या अखेरीस आदेश निघाला, की खाजगी कार्यालयांत १० टक्के किंवा १० माणसे, यांतले जे जास्त असेल ते बसू शकतील. आम्ही अकरा जण. आम्ही एक कार्यालय आहोत, की अकरा कार्यालये? एक असू तर एकाने घरी बसायचे, पण कुणी, आणि ते ठरवायचे कुणी? अकरा असू तर प्रत्येक कार्यालयात एकच माणूस आहे आणि नियम मोडतच नाही. हा प्रश्न आमच्या हॉलच्या चालकांनी फोनवर विचारला, तोंडी विचारला, अर्ज देऊन विचारला. तिन्ही वेळा वेगवेगळे उत्तर मिळाले आणि एकही लेखी मिळाले नाही. पुढे तपासणीला पथक आले. त्यांनी सगळ्यांची मिळून एकच आस्थापना धरली आणि दंड चालकांच्या नावावर फाडला. पथकातल्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या कागदावर आमच्यासारख्यांसाठी शब्दच नव्हता.

या वर्षी एप्रिलमध्ये तर गोंधळ आणखी वाढला. बँका, विमा, वीज, दूरसंचार, औषध कंपन्या यांची कार्यालये चालू ठेवायची आणि इतर खाजगी कार्यालये बंद, असे ठरले. मग विम्याचे काका सीट क्रमांक ३ वर बसू शकतात का? त्या महिन्यात लोक रुग्णालयाची बिले आणि मृत्यूचे दाखले घेऊन त्यांच्याकडे येत होते, दावे भरून मागत होते. पण हॉल तर बंद. काकांनी शेवटी इमारतीच्या जिन्यात पायरीवर बसून दावे भरले. मोकळ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये एकट्याने बसण्यापेक्षा जिन्यात चार माणसांच्या घोळक्यात बसणे सुरक्षित कसे, हे मला अजून कळलेले नाही.

आणि आता दुपारी चारची वेळ. सांगलीच्या बाजाराचा दिवस कसा चालतो हे आपल्यातल्या कुणीतरी एकदा येऊन पाहावे. व्यापारी सकाळी सौद्यात असतो. दुपारी माल भरतो. लेबलातली चूक सांगायला, मजकूर बदलायला त्याला सवड होते ती संध्याकाळी. माझे निम्मे काम पाच ते आठमध्ये होत असे. आता चारच्या आत सगळे संपवायचे म्हणून सगळे एकाच वेळी येतात. पूर्वी सकाळी सहा जण, दुपारी चार जण, संध्याकाळी पाच जण अशी माणसे विभागून बसत होती. वेळ कमी केल्यावर आमच्या हॉलमध्ये गर्दी वाढली आहे. साथीचा विचार करूनच मी हे म्हणते आहे. निम्मी उपस्थिती ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण तीच निम्मी माणसे सकाळी सात ते रात्री आठ या वेळेत वाटून द्या.

'घरून काम करा' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याला उत्तर देणे भाग आहे. घरात दोन खोल्या, पाच माणसे आणि मुलाची मोबाइलवरची शाळा. हे सोसता येईल, बऱ्याच बायका सोसतात. पण गेल्याच महिन्यात, २२ जुलैच्या सुमारास, पुन्हा पाऊस सुरू झाला आणि घराघरातून एकच प्रश्न, आयर्विनला पाणी किती? यंदाही ते ५० फुटांच्या पुढे गेले आणि आमच्या पुढच्या खोलीत शिरले. आम्ही वेळेवर बाहेर पडलो. माझा कॉम्प्युटर शंभरफुटी रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर कोरडा राहिला. महिन्याचे ४,१३० रुपये मी याच्यासाठी भरते. मला घरून काम करायला सांगणे म्हणजे कृष्णेच्या पात्रात टेबल मांड म्हणण्यासारखे आहे.

आता मदतीबद्दल.

मे २०२० मध्ये २० लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा आमच्या हॉलमध्ये चहा घेत आम्ही सगळ्यांनी ते ऐकले. लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटींची तारणाशिवाय कर्जाची हमी होती. मोठी आशा वाटली. मग नियम वाचला. २९ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्या नावावर जेवढे कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के रक्कम मिळणार. माझ्या नावावर कर्ज नव्हते. पुरानंतर नवा कॉम्प्युटर मी सोन्याची एक पाटली मोडून घेतला होता. शून्याचे २० टक्के शून्यच. कर्ज न काढता उभी राहिले, म्हणून मदतीतून बाद झाले. हप्त्यांना सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, तीही हप्ते असणाऱ्यांना. भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा सरकारने भरला, तो पगारी कामगार असलेल्या आस्थापनांचा. वाणिज्य आणि औद्योगिक ग्राहकांच्या वीजबिलातला स्थिर आकार तीन महिने पुढे ढकलला गेला, पण आमच्या हॉलचे मीटर इमारतीच्या मालकाच्या नावावर. आमच्यापर्यंत त्यातले काही पोचले नाही. पुढे ढकललेले तेवढे नंतर पुरते वसूल झाले.

यंदा १३ एप्रिलला ५,४७६ कोटींचे पॅकेज आले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये. त्यांना ते मिळालेच पाहिजेत, माझ्या मते त्याहून जास्त मिळायला हवे होते. फेरीवाल्यांना केंद्राच्या स्वनिधी योजनेतून १०,००० रुपयांचे कर्जही मिळू शकते. त्या योजनेतली एक गोष्ट मला फार पटली. आधी कर्ज होते का, असे तिथे विचारत नाहीत. २४ मार्च २०२० पर्यंत तुम्ही धंदा करत होता का, एवढेच पाहतात. हाच प्रश्न आम्हाला कुणी विचारला असता तर आम्ही सगळे पात्र ठरलो असतो.

आणि परवाचा, ३ ऑगस्टचा, पूरग्रस्तांसाठीचा निर्णय. नुकसान झालेल्या दुकानदाराला ५०,००० पर्यंत, टपरीधारकाला १०,००० रुपये. चांगला निर्णय आहे. पण पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला दुकान किंवा टपरी दिसावी लागते. माझ्या हॉलमध्ये पाणी शिरले नाही. पुरात ज्या गिऱ्हाइकाची गोदामे बुडाली, त्याने माझ्या तीन कामांचे पैसे थांबवले आहेत. त्याच्याकडे मी मागणार तरी काय? हे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

मुद्रा कर्ज आहे ना, असे मला नेहमी सांगितले जाते. आहे. शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही. मी गेले. बँकेत जागेचे वीजबिल मागितले, ते माझ्या नावावर नाही. नोंदणीकृत भाडेकरार मागितला. माझ्याकडे सीटचा करार आहे, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर, ११ महिन्यांचा. दाराबाहेरच्या पाटीसह फोटो मागितला. दाराबाहेर एकच पाटी आहे, शेअर्ड ऑफिसची. शॉप ॲक्टची पावती दाखवली, कारण दहापेक्षा कमी कामगार असले की २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. ती पावती म्हणजे जागेचा पुरावा नव्हे, असे उत्तर मिळाले. छोट्या उद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्रही दाखवले. त्यावर मला 'सूक्ष्म' उद्योग म्हटले आहे. पाच कोटींची उलाढाल करणाराही सूक्ष्मच आणि महिन्याला तीस हजार मिळवणारी मीही सूक्ष्मच. समोरचे साहेब सज्जन होते. मला म्हणाले, "ताई, तुमचा धंदा आहे हे दिसतंय हो, पण तो कुठं आहे ते कागदावर दाखवता येत नाही."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. सगळी अडचण त्यात आहे.

ही अडचण फक्त आपल्याकडे आली असे नाही. इंग्लंडमध्येही पहिल्यांदा असेच झाले. तिथली सुरुवातीची अनुदाने जागेवरच्या व्यावसायिक कराच्या नोंदीला बांधलेली होती. शेअर्ड ऑफिसात बसणाऱ्याच्या नावाने अशी नोंद नसते, कर जागेचा चालक भरतो. त्यामुळे हजारो पौंडांची अनुदाने वाटली जात असताना हे लोक बाहेर राहिले. ओरड झाली. मे २०२० च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने ६१ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतचा वेगळा निधी जाहीर केला आणि तो स्थानिक कौन्सिलांच्या हाती दिला. कुणाला द्यायचा त्या यादीत शेअर्ड ऑफिसांतले छोटे व्यवसाय स्पष्ट शब्दांत लिहिले, बाजारात कायम गाळा लावणारेही लिहिले. अटी साध्या होत्या. ५० पेक्षा कमी कामगार, ११ मार्च २०२० रोजी व्यवसाय चालू, जागेचा ठरावीक खर्च अंगावर आणि साथीमुळे उत्पन्नात मोठी घट. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही हे मला कळते. पण यादीत एक ओळ वाढवायला पैसा लागत नाही. पहिल्या अनुदानांच्या घोषणेपासून चूक सुधारायला त्यांना सुमारे सहा आठवडे लागले. आमचे सतरा महिने झाले.

आमच्या हॉलच्या चालकांबद्दलही लिहिलेच पाहिजे, कारण 'भाडे माफ करायला मालकाला सांगा' असा सल्ला सर्रास दिला जातो. ते मालक नाहीत. त्यांनी जागा भाड्याने घेतली आहे आणि तिचे भाडे एकही महिना थांबलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी आमच्याकडून दोन महिने एक रुपया घेतला नाही. यंदा एप्रिल-मेमध्ये निम्मे घेतले. दंड आमच्यात वाटून घ्यायला ते तयार झाले नाहीत, एकट्याने भरला. आता त्यांच्याकडे देण्यासारखे काही उरलेले नाही. ते उठले तर एक धंदा बंद पडेल असे आपल्या कागदावर दिसेल. प्रत्यक्षात बारा बंद पडतील.

माझे स्वतःचे आकडे सांगते. साथीच्या आधी लग्नसराईत महिन्याला तीस हजारांच्या आसपास मिळत होते, त्यात निम्मा वाटा पत्रिकांचा. या एप्रिलमध्ये लग्नाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. २५ माणसांना निमंत्रण द्यायला पत्रिका कुणी छापत नाही, फोन करतात. मे महिन्यात माझ्या खात्यात सहा हजार दोनशे आले. त्यातून सीटचे निम्मे भाडे दिले. बाकी घर सासऱ्यांच्या पेन्शनवर चालले.

मागण्या फार नाहीत.

यापुढच्या प्रत्येक आदेशात शेअर्ड ऑफिस हा वेगळा प्रकार लिहा. तिथे मोजमाप जागेच्या क्षेत्रफळाने करा, आस्थापनेच्या टक्क्याने नको. दोन माणसांत किती अंतर, खिडक्या उघड्या हव्यात की नकोत, लसीचे दोन डोस हवेत की नकोत, काय हवे ते लिहा, आम्ही पाळू. कोण कधी बसले याची वही आमच्याकडे जून २०२० पासून रोज भरली जाते, कुणीही येऊन पाहावी. आणि तिसऱ्या स्तरावरच्या जिल्ह्यांत निम्म्या उपस्थितीची अट कायम ठेवून अशा जागांची वेळ वाढवा.

सीटचा करार, सहा महिन्यांचे भाडे बँकेतून गेल्याची नोंद आणि उद्यम प्रमाणपत्र, हे तीन कागद एकत्र असतील तर तो व्यवसायाच्या जागेचा पुरावा मानावा, असे परिपत्रक बँकांना आणि मदत वाटणाऱ्या सगळ्या कार्यालयांना जावे. यात सरकारचा एक पैसा खर्च होत नाही. सगळ्यांत आधी हे करा.

ज्यांच्या नावावर आधीचे कर्ज नाही अशा सूक्ष्म व्यावसायिकांना फेरीवाल्यांच्या धर्तीवर खेळते भांडवल मिळावे. निकष एकच, साथीच्या आधी व्यवसाय चालू होता का. बँकेचे खातेपुस्तक ते सांगते.

आणि ज्या महिन्यांत आदेशाने आमची जागा बंद होती, त्या महिन्यांत भरलेल्या सीटभाड्याइतकी थेट मदत द्या. माझ्यापुरते बोलायचे तर ती १०,००० रुपयांच्या आत बसते. चालकांना वीज किंवा करात सवलत देणार असाल तर ती सीटभाड्यात उतरवण्याची अट घाला. आमचे चालक ती आनंदाने मान्य करतील, मी त्यांना विचारूनच लिहिते आहे.

हे पत्र आमच्या हॉलमधल्या अकराही जणांनी वाचले आहे. शिकवणी घेणाऱ्या मुलीने एक वाक्य घालायला सांगितले. तिचे विद्यार्थी शाळा सुटल्यावर, म्हणजे पाचनंतरच मोकळे होतात, आणि गेले दोन महिने ती रस्त्यालगत मावशीच्या ओट्यावर बसून शिकवते.

जागेचा करार ३१ ऑगस्टला संपतो. चालकांनी आम्हाला २५ तारखेपर्यंत सांगायला सांगितले आहे, की पुढच्या ११ महिन्यांसाठी किती जण राहणार. नऊ जणांनी हो म्हटले तर ते जागा ठेवतील. आज सहा जण हो म्हणाले आहेत. उरलेले आपल्या पुढच्या आदेशाची वाट पाहत आहेत, आणि मीही त्यांच्यात आहे. २५ तारखेच्या आत उत्तर मिळावे ही विनंती.

आपली विश्वासू,
सीट क्रमांक ७ वर बसणारी,
गावभाग, सांगली